कळतंय मला

थोरल्या मामांचा मोतीबिंदू काढून महिना झाला होता. तपासणीसाठी त्यांना कोल्हापुरात आणलं आणि काम दुपारीच उरकलं. कागलकडच्या त्यांच्या गावाची मुक्कामाची गाडी संध्याकाळची. मधल्या वेळात रंकाळ्याला चक्कर झाली, भवानी मंडपाजवळ चहा झाला, तरी अडीच-तीन तास उरलेच. दसरा चौकात शाहू स्मारकला एका फिल्म सोसायटीचा खेळ होता, आइसलँडचा ‘ह्रूटार’. मला तो कधीपासून मोठ्या पडद्यावर बघायचा होता. मामांना म्हटलं, “बकऱ्यांचा सिनेमा हाय मामा, बसूया का थोडा वेळ?” आमच्यात मेंढरांना बकरीच म्हणतात. मामांनी डॉक्टरांनी दिलेला काळा चष्मा काढून वर लावलेल्या पोस्टरकडं बघितलं. दाढीवाला म्हातारा आणि त्याच्याजवळ एक शिंगाळ मेंढा. “बकरी तर रोजच बघतोय की,” म्हणाले, पण आले. टोपी मांडीवर घेऊन बसले.

सिनेमातली भाषा आइसलँडची, खालच्या ओळी इंग्रजीत. मामांना मराठीसुद्धा बोट ठेवून वाचावं लागतं. म्हणून मी त्यांच्या कानाशी लागून सांगायला सुरुवात केली. हे दोघं भाऊ-भाऊ हाईत, शेजारी शेजारी ऱ्हात्यात, पर चाळीस वर्षं एकमेकाशी बोलत न्हाईत. आता ही मेंढ्यांची स्पर्धा चाललीया. पडद्यावर परीक्षक मेंढ्याच्या पाठीवर हात फिरवत होते, कण्याच्या दोन्ही अंगांनी बोटं रुतवून मांस किती चढलंय ते बघत होते. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की आमच्या दोघांच्या मधल्या खुर्चीच्या दांड्यावर मामांची बोटंही तशीच चालताहेत. अंगठा एका बाजूला, चार बोटं दुसऱ्या बाजूला, हळूच दाब, मग पुढं. मी पुढची ओळ सांगायला तोंड उघडलं तर त्यांनी तोच हात उचलून माझ्या गुडघ्यावर ठेवला.

“गप बस. कळतंय मला.”

त्यानंतर दीड तास मी एक शब्द बोललो नाही. मेंढ्यांत रोग निघतो, सरकारी डॉक्टर येतात, सगळ्या खोऱ्यातली मेंढरं मारून टाकायचा हुकूम निघतो. धाकटा भाऊ इतरांनी हात लावायच्या आत आपली मेंढरं स्वतःच गोळी घालून मारतो आणि थोडी तळघरात लपवतो. त्या गोळ्यांच्या वेळी मामांनी चष्मा परत लावला. आमच्या आजोबांच्या काळात एका पावसाळ्यात आठवड्याभरात चाळीस बकरी गेली होती. खड्डा घेताना आजोबांनी कुणालाही कुदळ धरू दिली नव्हती, हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. मामा तेव्हा दहा वर्षांचे होते. चाळीस बकऱ्यांच्या त्या गोष्टीत आजोबा रडले की नाही हे कुणीच कधी सांगितलेलं नाही. पडद्यावरचा तो म्हातारा मेलेल्या मेंढ्यांच्या मधोमध बसला होता आणि मला शेजारी मामांच्या श्वासाचा आवाज येत होता.

स्टँडवर जाताना ते बराच वेळ काही बोलले नाहीत. गाडीत खिडकीशी बसल्यावर विचारलं, “ह्यो शिनेमा हितं आनला कुनी?” मी म्हटलं, आता इंटरनेटवर सगळं मिळतंय मामा. त्यांनी मान हलवली. “तसं न्हवं. त्यास्नी तिकडं कळलं कसं, हितं आपल्याला बकऱ्यातलं कळतंय म्हणून?”

गाडी सुटली. मी तिथंच उभा राहिलो, कारण या प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं.

मग मी त्या सिनेमाचा माग काढत बसलो. मामा चुकलेल्या बकऱ्याचा काढतात तसा, मागं मागं जात. उत्तर आइसलँडमधल्या बार्दारदालुर नावाच्या खोऱ्यात त्याचं चित्रीकरण झालं. दिग्दर्शक ग्रीमुर हाकोनारसन. २०१५ च्या मे महिन्यात फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात ‘अं सर्तें रगार’ या विभागात तो दाखवला गेला. अभिनेत्री इझाबेला रोसेलिनी ज्यूरीची प्रमुख होती आणि त्या विभागाचं पहिलं बक्षीस या मेंढ्यांच्या सिनेमाला मिळालं. इथवर वर्तमानपत्रात येतं. पण बक्षीस मिळालेला सिनेमा आपोआप दसरा चौकात येत नाही. कानला वर तांबडा गालिचा असतो तसा त्याच इमारतीच्या तळमजल्याखाली बाजार असतो, १९५९ पासून, जगातला सिनेमाचा सगळ्यात मोठा. लहान लहान गाळे, टेबलं, गळ्यात ओळखपत्रं, दर अर्ध्या तासाला नवी भेट. सिनेमा तिथं देशवार विकला जातो. अमुक देशाचे हक्क याला, तमुक देशाचे त्याला. खरेदीदार दिवसाला पाच-सहा सिनेमे बघतात आणि मन लागलं नाही तर पहिल्या दहा मिनिटांत उठून पुढच्या थिएटरात जातात. ‘ह्रूटार’ विकायचं काम वॉर्सातल्या एका कंपनीनं घेतलं होतं. म्हणजे आइसलँडची मेंढरं पोलंडमधल्या माणसानं फ्रान्सच्या बाजारात उभी केली. पुढं ऑस्ट्रेलियात त्याच गोष्टीवर नव्यानं सिनेमासुद्धा निघाला.

हे वाचताना मला वडगावचा जनावरांचा बाजार दिसत होता. लहानपणी मामांबरोबर मी तिथं गेलोय. शेणाचा, कडब्याचा आणि भज्यांच्या तेलाचा एकत्र वास, आणि त्यात हेडी. हेडी म्हणजे जनावरांचा व्यापारी-दलाल. विकणारा आणि घेणारा समोरासमोर, मध्ये हेडी, आणि दोघांचे हात उपरण्याखाली. बोटं दाबून भाव ठरतो, आजूबाजूच्या कुणालाही कळत नाही. मला तेव्हा वाटायचं, मामांनी स्वतःच का बोलू नये? एकदा विचारलंही. मामा म्हणाले होते, “मला माझं बकरं ठावं. त्येला गिऱ्हाईक ठावं.” त्यांच्या आवाजात हेड्याबद्दल राग नव्हता. काही हेडी लबाड असतात हे त्यांना माहीत होतं, पण हेडीच नसेल तर बकरं परत हाकत आणावं लागतं, हेही माहीत होतं.

त्या देशाकडं बघा. २०१५ साली आइसलँडची लोकसंख्या होती सव्वातीन लाखांच्या थोडी वर. आपल्या कोल्हापूर शहराची २०११ च्या जनगणनेतली साडेपाच लाख. जिल्हा नाही, नुसतं शहर. त्या देशात माणसांपेक्षा मेंढ्या जास्त होत्या. नुसत्या घरच्या एवढ्या गिऱ्हाइकावर सिनेमाचा खर्च निघणं अवघड, हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. १९७८ साली त्यांनी कायदा करून चित्रपटासाठी निधी काढला, आणि १९८० पासून त्यांच्या भाषेत नेमानं सिनेमे व्हायला लागले. तो निधी तुटपुंजा, त्यामुळं दिग्दर्शक घरं गहाण टाकायचे. हे वाचून मला आपल्याकडचे किती तरी निर्माते आठवले, बायकोच्या पाटल्या सराफकट्ट्यावर ठेवून रिळं आणणारे. १९९२ मध्ये त्यांचा एक सिनेमा ऑस्करच्या शेवटच्या पाचांत गेला. वृद्धाश्रमातून पळून आपल्या जन्मगावाकडं निघालेल्या दोन म्हाताऱ्यांची गोष्ट. आणि ज्या २०१५ मध्ये ‘ह्रूटार’ला कानला बक्षीस मिळालं, त्याच सप्टेंबरात स्पेनमधल्या सान सेबास्तियान महोत्सवाचं सर्वोच्च बक्षीसही आइसलँडच्याच दुसऱ्या सिनेमानं नेलं. एका वर्षात दोन, आणि देश आपल्या शहराहून लहान.

ते एकटे जात नाहीत, ही गोष्ट मला सगळ्यात भिडली. डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे, फिनलंड आणि आइसलँड या पाच देशांच्या चित्रपट संस्था कानला एकाच छताखाली बसतात. १९९० पासून त्यांचा एकत्र निधीही आहे. ‘ह्रूटार’मध्येसुद्धा डेन्मार्कचा पैसा होता. डेन्मार्कनं आइसलँडवर पूर्वी राज्य केलेलं, म्हणजे जुन्या धन्याबरोबरच त्यांची आजची भागीदारी. आमच्यात पावसाळ्यात तीन-चार घरांची बकरी एकत्र करून पूर्वेच्या कोरड्या मुलखाकडं नेतात. खांडवं एक केलं म्हणून कुणाचं बकरं दुसऱ्याचं होत नाही. प्रत्येकाच्या कानाला आपापली खूण असते. राखणीला मात्र रात्रभर कुणी ना कुणी जागं असतं.

आता मला माझ्या मित्राच्या सिनेमाबद्दल लिहायला पाहिजे, कारण त्याशिवाय हे सगळं मी का लिहितोय ते कळणार नाही. सात-आठ वर्षांपूर्वी त्यानं एक सिनेमा केला. गुऱ्हाळावरच्या गुळव्याची गोष्ट. करवीर तालुक्यातल्या एका खऱ्या गुऱ्हाळावर तेवीस दिवस चित्रीकरण झालं. चिपाडाचा धूर, काहिलीत उकळणारा रस, मळी काढताना येणारा तो आंबट-गोड उग्र वास कपड्यांतून महिनाभर गेला नव्हता. इंग्रजी ओळी लिहायचं काम माझ्याकडं होतं. मी फार मन लावून केलं ते. बाहेरच्या माणसाला काही अडू नये म्हणून जिथं कुणी बोलत नाही तिथंही ओळी घातल्या. गूळ म्हणजे काय. काहील म्हणजे काय. भेंडीच्या झाडाचा रस का घालतात. हा माणूस बोटानं आता काय तपासतोय. आम्हाला वाटायचं, जगाला आपलं काही माहीत नाही, तेव्हा सांगणं आपलं काम आहे.

नोव्हेंबरात पणजीला सरकारचा फिल्म बाजार भरतो, २००७ पासून. आजरा-आंबोलीवरून आम्ही तिघं गाडीनं गेलो. घाटात धुकं होतं. डिकीत पत्रकांचे गठ्ठे आणि पावशेर-पावशेरचे गुळाचे खडे होते, बटर पेपरात बांधून वर सिनेमाचं नाव छापलेले. ते मित्राच्या आईनं स्वतः बांधले होते. तिथल्या प्रेक्षण-कक्षात ओळीनं संगणक मांडलेले असतात. खरेदीदार हेडफोन लावून पाहिजे तो सिनेमा काढून बघतात. तिसऱ्या दिवशी युरोपातून आलेल्या एक बाई आमचा सिनेमा बघताना दिसल्या. आम्ही लांब खांबाआड उभे राहिलो. अकरा मिनिटांनी त्यांनी हेडफोन काढला. संध्याकाळी चहाच्या वेळी मित्रानं धीर करून त्यांना गुळाचा खडा दिला आणि विचारलं. त्यांनी तो तिथंच उघडून तोंडात टाकला, डोळे मिटले. मग फार मायेनं म्हणाल्या, “तुमच्या सिनेमात माहिती पुष्कळ आहे.” आम्ही ते कौतुक समजलो. परत येताना गाडीत त्याच वाक्याची उजळणी करत आलो.

सिनेमा कुणी घेतला नाही. राज्य सरकार २०१६ पासून निवडक मराठी सिनेमे कानच्या बाजारात पाठवतं, तिथंही अर्ज केला, निवड झाली नाही. इथल्या थिएटरात चार दिवस, दुपारी बारा वाजता. त्यानंतर मित्र लग्नाचं चित्रीकरण करतो आणि चांगलं करतो. सिनेमा त्याच्या कपाटात एका हार्ड डिस्कवर आहे. यात कुणा एकाचा दोष होता असं मला वाटत नाही. निवड करणाऱ्यांपुढं शंभर सिनेमे असतात. पण गेल्यानंतर तिथं आमचं म्हणून बोलणारं कुणी नव्हतं, आणि ज्या ओळींनी बोलायचं त्या मी अशा लिहिल्या होत्या की बघणाऱ्याला आपण शाळेत बसलोय असं वाटावं. आम्ही सगळं समजावून सांगितलं होतं. न्यायला मात्र माणूस नव्हता.

खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा मानस्तंभ आहे. मी रोज त्याच्यावरून जातो. बाबूराव पेंटरांनी याच गावात स्वतःच्या हातांनी कॅमेरा तयार केला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ दाखवला. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या दामले आणि फत्तेलाल यांनी बाकीच्या सोबत्यांबरोबर १९२९ मध्ये इथंच ‘प्रभात’ काढली. ‘प्रभात’ १९३३ मध्ये पुण्याला गेली आणि या दोघांनी तिथं ‘संत तुकाराम’ केला. तो १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात गेला आणि त्या वर्षीच्या उत्तम तीन चित्रपटांत त्याचा गौरव झाला. हे कोल्हापुरातल्या प्रत्येक मुलाला पाठ असतं, भाषणांत येतं, मीही शाळेत बोललोय. पण मामांच्या प्रश्नानंतर मी पहिल्यांदा वेगळ्या बाजूनं विचार केला. व्हेनिसच्या त्या थिएटरात बसलेल्या इटालियन माणसाला देहू कुठं आहे ठाऊक नव्हतं. इंद्रायणी ठाऊक नव्हती, अभंग म्हणजे काय ठाऊक नव्हतं. त्याला काय दिसलं असेल? उसाची मोळी घेऊन निघालेला एक माणूस वाटेत पोरांना ऊस वाटत घरी येतो, आणि दारात त्याची बायको उभी असते. जिजाईचा तो चेहरा. एवढंच दिसलं असेल, आणि तेवढ्यावर त्याला कळलं असेल. दामले-फत्तेलालांनी देहूची माहिती दिलेली नाही. त्यांनी ऊस दिला.

मराठी बोलणारे आपण आठ कोटींच्या वर आहोत. आइसलँडची भाषा बोलणारे चार लाखसुद्धा नाहीत. त्यामुळं आपल्या सिनेमाला लहान म्हणवत नाही, आणि मोठा म्हणावा तर शेजारी हिंदी उभी आहे. मला वाटतं आपला घोटाळा इथंच आहे. त्यांना आपण लहान आहोत हे पहिल्या दिवसापासून ठाऊक, म्हणून बाजाराची वाट त्यांनी सिनेमाच्या बरोबरीनंच बांधली. आपल्याकडं व्हेनिसला बक्षीस मिळालेले अलीकडचेही सिनेमे आहेत. गेल्याच वर्षी, २०२५ मध्ये, अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक विभागातलं ज्यूरीचं सर्वोच्च बक्षीस एका मराठी सिनेमाला मिळालं. तो ज्यानं केला त्यानं ती वाट स्वतः पायांनी तुडवली असणार. पुढच्याला ती मळलेली मिळते का, हा प्रश्न आहे. मोरेवाडीच्या चित्रनगरीत आता मालिकांची चित्रीकरणं चालतात, दिवे लागतात, पोरांना काम मिळतं, हे चांगलंच आहे. तिथं एखाद्या खोलीत एक माणूस बसावा, ज्याला कोल्हापूरचा सिनेमा आणि जगातलं गिऱ्हाईक दोन्ही ठाऊक आहे, असं मला फार वाटतं. एक टेबल आणि एक माणूस. दरवर्षी तोच, म्हणजे लोक त्याला ओळखायला लागतील.

फेब्रुवारीत एका रात्री मी त्या जुन्या ओळींची फाईल उघडली. मित्राला सांगितलं नव्हतं. पहिल्या अकरा मिनिटांत एकशे बारा ओळी होत्या, आणि माणसं बोलत होती त्यातल्या फक्त सदतीस ठिकाणी. गुळव्या काहिलीवर वाकतो, गार पाण्यात हात बुडवून पाक उचलतो, पाण्यातच त्याची गोळी करतो आणि काठावर मारून बघतो. टण् असा आवाज येतो. त्या आवाजावर मी ओळ घातली होती, हा माणूस पाक तयार झाला का ते तपासत आहे. ती काढली. भेंडीची काढली. काहिलीची काढली. गूळ म्हणजे काय ही पहिलीच ओळ काढताना हात थोडा अडला, कारण ती लिहायला मला दोन दिवस लागले होते. पहाटे चारला संपलं तेव्हा मी मित्राला फाईल पाठवली, खाली काही लिहिलं नाही. सकाळी त्याचा फोन आला. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, “नोव्हेंबरात परत जायचं काय रं?”

त्याच रविवारी लॅपटॉप घेऊन मामांकडं गेलो. बकरी एका शेतात खतासाठी बसवायला नेली होती, जाळी लावून झाली होती. बाभळीखाली घोंगडं टाकून मामा बसले होते, काळा चष्मा आता गेला होता. लोकरीचा आणि ओल्या मातीचा वास, मागं बकऱ्यांचं रवंथ. लॅपटॉप त्यांच्या मांडीवर ठेवला, ऊन लागू नये म्हणून वर माझा टॉवेल धरला आणि सिनेमा लावला. या वेळी मी काहीच बोलणार नव्हतो. मामा गुळवे नाहीत. पण हंगामात गुऱ्हाळांशेजारच्या रानात बकरी बसवून त्यांची उभी जिनगानी गेलीय. पडद्यावरच्या धुरानं त्यांनी डोळे बारीक केले. गुळव्या वाकला, पाण्यात हात बुडवला, गोळी केली, काठावर मारली. टण्.

“उतरवा आता,” मामा म्हणाले.

आणि मग पडद्यावरचा गुळव्या मागं वळून ओरडला, “उतरवा!”